सक्ती नव्हती, तरी पंचवीस लाख

१० जुलै १९४४. इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जवान पडले. कुणी ठार, कुणी जखमी. धड उरले ते एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने ती बंद पाडली, तिथल्या एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला सवड नाही म्हटल्यावर बंदूक उलटी धरून दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळवलं. एवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. माणगाव तालुक्यातल्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घाडगे यांना लढाईवर जायची सक्ती कुणी केली नव्हती. ब्रिटनने १९३९ मध्ये आपल्या तरुणांना सैन्यभरती सक्तीची केली; हिंदुस्थानी माणसावर तशी सक्ती करण्याची हिंमत सरकारला कधीच झाली नाही. तरीही युद्धाच्या सुरुवातीला जेमतेम दोन लाखांचं असलेलं भारतीय सैन्य १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेलं. स्वेच्छेने भरती झालेलं जगातलं तोवरचं हे सर्वांत मोठं सैन्य. आफ्रिकेचं वाळवंट, इराक, मलाया, ब्रह्मदेश, इटली अशा आघाड्यांवर ते लढलं आणि त्यातले सुमारे ८७ हजार जण कामी आले.

युद्ध मात्र त्यांना विचारून पुकारलेलं नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही लोकप्रतिनिधीचा सल्ला न घेता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी निषेध म्हणून राजीनामे दिले.

मग एवढी माणसं का गेली? पोट हे मोठं कारण होतं. कोकणातल्या भातखाचरांवर आणि साताऱ्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू रानांवर सगळं कुटुंब वर्षभर जगत नसे. पलटणीतल्या मुलाची मनीऑर्डर घराला आधार देई. पण नुसत्या पगाराने हे कोडं सुटत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांत लष्करात जाणं ही घरची रीतच होती, आणि पलटणीत मिळणारा मान गावातही उपयोगी पडे.

काहींना तर भरती होण्याच्या हक्कासाठीच झगडावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी काही जातींना ‘लढवय्या’ ठरवून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याच्यासाठी सरकारी गणवेश ही मोठीच गोष्ट होती. त्याला साम्राज्याचा चाकर म्हणून मोकळं होणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

साताऱ्यात तर सरकारसाठी लढणारा आणि सरकारशी लढणारा, असे दोन्ही प्रवाह एकाच मातीतून निघाले. पलटणींना जवान पुरवणाऱ्या याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ब्रिटिशांची सत्ता धुडकावून कारभार करत होतं.

तिकडे इटलीत ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘जंगी पलटण’ सेनियो नदी ओलांडत होती. निमजचे (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुरक्षित जागी आणलं. नंतर ते एकटेच पुढे गेले. हाताला गोळी लागल्याने टॉमीगन टाकून द्यावी लागली, तर हातबॉम्ब घेऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत हयात होते.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या इतिहासकथनात ही माणसं कुठेच नीट बसली नाहीत. चळवळीच्या कथेत ती परक्यांच्या बाजूची, आणि ब्रिटिशांच्या कथेत पाहुणी. वास्तविक फॅसिस्ट सत्तेला युरोपातून हुसकावण्यात त्यांचा खरा वाटा होता. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले, त्यांतले साडेपाच हजारांहून अधिक तिथेच राहिले. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतल्या माँतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारलं.

बाकीच्यांची नावं शोधणंही आज अवघड नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांना खुल्या आहेत. इटलीतल्या फोर्ली, कासिनो, सांग्रो नदी इथल्या युद्धस्मशानांच्या याद्यांमध्ये सैनिकाचं नाव, हुद्दा, पलटण आणि बऱ्याचदा वडिलांचं व गावाचं नावही सापडतं. सातारा, रत्नागिरी, रायगडातल्या ज्या घरांत ‘आजोबा लढाईवर गेले, परत आले नाहीत’ एवढंच ठाऊक आहे, त्यांनी शोधाला तिथून सुरुवात करावी.