कोरे मणी का चमकले?

अल ऐनच्या रस्त्याला उंट दिसले की घरच्यांना फोटो हवा असतो, आणि मला त्यांचं रक्त! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमिरातीतल्या उंटांच्या रक्तद्रवाचे ६५१ नमुने तपासले होते. त्यातल्या ६३२ नमुन्यांत मर्सच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. २००३ साली घेतलेले सगळे १५१ नमुने त्यात होते, आणि माणसांत हा आजार ओळखला गेला २०१२ मध्ये.

मर्सचा विषाणू त्याच्या स्पाइक प्रथिनानं आपल्या पेशीवरचं डीपीपी४ हे प्रथिन पकडतो. ही पकड प्रतिपिंडं रोखतात का, हे जिवंत विषाणूला हात न लावताही पाहता येतं.

त्यासाठी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी घ्यायचे. पाच-सहा मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढे. त्यांच्यावर स्पाइक चढवायचं, उंटाचा रक्तद्रव घालायचा आणि मग चमकणारा रंग जोडलेलं डीपीपी४. फ्लो सायटोमीटरमध्ये हे मणी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो. प्रत्येकाची चमक वेगळी मोजली जाते. चमक उतरली, तर प्रतिपिंडांनी वाट अडवली.

माझी चमक उतरेचना. रक्तद्रव कितीही घाला, मणी तसेच लखलखीत. ‘ही प्रतिपिंडं पकड रोखत नाहीत’ असं वहीत लिहूनही टाकलं होतं. मग वेळ होता म्हणून (खरं तर हे सगळ्यात आधी करायचं असतं) स्पाइक न चढवलेले कोरे मणी यंत्रात घातले. तेही चमकले! पॉलिस्टायरीनला प्रथिनं आपसूक चिकटतात. माझं डीपीपी४ स्पाइकला नव्हे, प्लास्टिकला धरून बसलं होतं. उरलेली जागा गाईच्या अल्ब्युमिननं झाकायची, ती मी घाईत नीट झाकली नव्हती.

पुन्हा केलं. कोरे मणी अंधारले आणि रक्तद्रव वाढवला तशी स्पाइकवाल्यांची चमक उतरत गेली. वहीतलं ते वाक्य खोडलं.

तरी एक पेच आहेच. डीपीपी४ जोडीनं वावरतं. मण्यावर स्पाइक दाट असेल तर ते दोन्ही हातांनी धरतं आणि पकड आहे त्याहून घट्ट भासते. म्हणून आता मी प्रत्येक प्रयोग तीन प्रकारच्या मण्यांवर करतो: दाट, विरळ आणि कोरे.