माशानं संकट घेतलं नाही, आपणच दिलं!

हौसेनं फिश टँक घरी आणलात. निळा लाइट, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा डायव्हर आणि सात-आठ मासे. पहिल्याच दिवशी स्टोरी टाकून झाली. चौथ्या दिवशी एक मासा तिरका पोहायला लागला आणि आठवड्याभरानं टँकमध्ये उरला फक्त डायव्हर. ओळखीचं वाटतंय ना?

मग घरोघरी ठरलेले डायलॉग सुरू होतात. ‘दुकानदारानं आजारीच मासे दिले’, ‘कुणाची तरी नजर लागली’ आणि सगळ्यांत हिट म्हणजे ‘घरावरचं संकट माशानं स्वतःवर घेतलं’. आमच्याकडेही हेच झालं. धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला आणलेले ६ गोल्डफिश ९ दिवसांत गेले. आजीच्या या वाक्यानं तिचं रडू थांबलं खरं, पण संकट बाहेरून आलंच नव्हतं. ते टँकच्या पाण्यातच तयार होत होतं.

न दिसणारा व्हिलन

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. नैसर्गिक पाण्यात जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तर नायट्रेट थोड्या प्रमाणात चालून जातं. नव्या टँकमध्ये गोची अशी, की हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर त्यांची वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

तोवर पाणी दिसतं एकदम चकाचक, पण आत माशाचे कल्ले होरपळत असतात. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो. आपल्याला वाटतं, भूक लागली! आपण आणखी चिमूटभर खाणं टाकतो, म्हणजे आगीत तेलच. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

आधी पाणी, मग मासे

म्हणून थोडा धीर धरा. टँक भरा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, फिल्टर चालू करा आणि मासे आणूच नका. रोज चिमूटभर फिशफूड टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खाऊ मिळेल. एखाद्या मित्राकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, काम लवकर होईल. टेस्ट किटमध्ये आधी अमोनिया आणि नायट्राइट वाढलेले दिसतील. दोन्ही पुन्हा शून्यावर आले, की तुमचा टँक तयार.

मासे आणतानाही एकदम फौज नको. साधारण ५० लिटरच्या टँकमध्ये आधी तीन-चार गप्पी सोडा. गोल्डफिश दिसायला गोंडस, पण तो वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. काचेचा बाऊल त्याच्यासाठी तुरुंगच. दुकानातली पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग मासा जाळीनं आत सोडा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतलात, तर महिनाभर जमवलेले जिवाणू क्लोरीननं मरतील. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

मासे आधीच आणलेत आणि ते आता धापा टाकतायत? मग एक-दोन दिवस खाणं बंद, एअर पंप चालू आणि रोज पाव भाग पाणी बदला. हो, अँटी-क्लोरीन घालूनच! बरेचसे वाचतील.

आमच्याकडे यंदा पुन्हा टँक आला. दीड महिना नुसतं पाणीच होतं. ‘रिकाम्या पाण्यात काय बघता रे?’ म्हणत शेजारच्या काकू हसायच्या. गेल्या आठवड्यात गप्पीला पिल्लं झाली. पहिली दिसली ती आजीला. आता बहीण रोज सकाळी ती मोजते, आणि खाण्याचा डबा आजीच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवते.