रविवार सकाळचा हिशेब

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल सामने परंपरेने शनिवारी होतात, आणि त्यांचा खरा निवाडा रविवारी होतो. लाखभर प्रेक्षकांचा कोलाहल ओसरून मैदान रिकामे झालेले असते, वर्तमानपत्रांनी जयापजयाचे मथळे छापून टाकलेले असतात, आणि त्याच वेळी एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेले प्रशिक्षक आदल्या दिवसाचे चित्रण पुढेमागे फिरवीत, प्रत्येक खेळीत आपल्या अकरा जणांपैकी प्रत्येकाने काय केले याची नोंद करीत असतात. खेळी जेमतेम पाचसहा सेकंदांची. पण ती एकदा मैदानाच्या बाजूने, एकदा पाठीमागून, अशी वारंवार पाहिली जाते, आणि मग एकेका नावापुढे अधिक किंवा उणे असे चिन्ह पडते. नेमून दिलेले काम या मुलाने ओळखले का, ते शिकवल्याप्रमाणे केले का, आणि शिटी वाजेपर्यंत नेटाने केले का, हे त्या नोंदीमागचे तीन प्रश्न. संघाला त्या खेळीत किती लाभ झाला, हा प्रश्न त्यांत नाही. आणि खेळाडूची पारख करण्याच्या या शास्त्राचे सारे मर्म, माझ्या मते, या एका वगळण्यात आहे.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातांत धरून पळायचा किंवा पुढे फेकायचा. 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी 4 संधी, त्यांना 'डाउन' म्हणतात. आणि 100 यार्डांच्या मैदानाची शेवटची रेषा चेंडूसह ओलांडली की टचडाउनचे 6 गुण. प्रत्येक खेळीच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक, आणि सगळा लौकिक व सगळी निंदा त्याच्या वाट्याला. त्याच्यापुढे जे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांचा चेंडूला फारसा स्पर्शही होत नाही. प्रतिपक्षाला अडवून धरणे एवढेच त्यांचे काम. ते उत्तम झाले तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिघडले तर मात्र क्वार्टरबॅक आडवा झालेला सर्वांना दिसतो.

कबड्डीच्या मैदानाभोवती उभे राहिलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. चढाईपटूचा घोटा कोपरारक्षकाने पकडला की टाळ्या त्याला मिळतात. पण शेजारच्या गड्याने साखळी न सोडता माघारीची वाट अडवली नसती तर ती पकड निसटली असती, हे जाणत्यालाच दिसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही साखळी अकरा जणांची असते, आणि तिच्यातील प्रत्येकाचे काम खेळीगणिक बदलते. त्यामुळे आडव्या झालेल्या क्वार्टरबॅकचा दोष भिंतीतल्या गड्याचा, की ज्याने हाक चुकीची ऐकली त्याचा, की चेंडू हाती धरून रेंगाळलेल्या क्वार्टरबॅकचा स्वतःचा, हे त्या खेळीतली नेमणूक ठाऊक असल्यावाचून सांगता येत नाही. खाजगी संस्था प्रत्येक खेळाडूला खेळीगणिक उणे 2 ते अधिक 2 असे गुण देतात. तेही उपयोगी आहे, पण तेथेही हा अडसर उरतोच, कारण प्रशिक्षकाने कानात काय सांगितले हे बाहेरच्याला ठाऊक नसते.

आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. आकडा काय मोजतो हे न विचारता त्याला निकालपत्र मानले जाते, ही माझी तक्रार आहे. महाविद्यालयीन क्वार्टरबॅकचा अधिकृत गुणांक असा काढतात: फेकीतून मिळालेल्या यार्डांना 8.4 ने, टचडाउनना 330 ने आणि झेललेल्या फेकींना 100 ने गुणायचे, प्रतिपक्षाने हिसकावलेल्या प्रत्येक फेकीमागे 200 वजा करायचे, आणि बेरजेला एकूण फेकींनी भागायचे. 8 जानेवारी 2018 रोजी अटलांटा येथे अलाबामा आणि जॉर्जिया या विद्यापीठांत राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला, त्यावर हे सूत्र लावून पाहू.

मध्यंतराला अलाबामा 0-13 असा पिछाडीवर होता. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांपैकी तोवर 25 जिंकलेले, केवळ 2 हरलेले. त्या दिवशी मात्र 8 फेकींपैकी 3 यशस्वी, 21 यार्ड. गुणांक साठाच्याही आत. मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बाजूला बसवून तुआ टॅगोवायलोआ या प्रथम वर्षाच्या मुलाला मैदानात पाठवले. तुआने 24 पैकी 14 फेकी साधल्या, 166 यार्ड, 3 टचडाउन, एक फेक गमावली. गुणांक सुमारे 149. सामना 20-20 असा बरोबरीत सुटून जादा डावात गेला, जॉर्जियाने 3 गुण मिळवले, आणि अलाबामाच्या पहिल्याच खेळीत तुआ चेंडू धरून मागेमागे पळत राहिला व 16 यार्ड गमावून पडला. पुढच्याच खेळीत त्याने नजर दुसऱ्या बाजूला रोखून मागच्या रक्षकाला तेथेच खिळवले, आणि डावीकडे धावणाऱ्या डेव्होन्टा स्मिथकडे 41 यार्डांची फेक करून सामना 26-23 असा जिंकून दिला.

महाविद्यालयीन हिशेबात असे पडून गमावलेले यार्ड फेकीच्या खात्यात येत नाहीत, धावण्याच्या खात्यात खर्ची पडतात. म्हणजे त्या संध्याकाळची तुआची सर्वांत मोठी चूक त्याच्या 149 या आकड्यात कोठेही नाही. त्याच सामन्यात भिंतीतला डावीकडचा गडी जोना विल्यम्स जायबंदी झाला आणि त्याच्या जागी अ‍ॅलेक्स लेदरवुड हा आणखी एक प्रथम वर्षाचा मुलगा उभा राहिला. त्याच्यासाठी तर रकानाच नव्हता.

आणि सेबन यांचा तो निर्णय? स्मिथच्या हातून चेंडू निसटला असता, तर पंचवीस विजय मिळवून देणाऱ्या मुलाला उठवणारा म्हणून हाच मनुष्य दोषी ठरला असता, आणि निर्णय मात्र तोच राहिला असता. प्रशिक्षकाचा निर्णय पारखायचा तर तो घेताना त्याला काय ठाऊक होते, हे पाहिले पाहिजे. सेबन तुआला महिनोन्‌महिने सरावात पाहत होते, आणि आपल्याला दिसतो तो केवळ शेवटचा चेंडू.

प्रशिक्षकाची पारख करताना दुसरी एक वजाबाकी सोईस्करपणे विसरली जाते, ती हाती आलेल्या कच्च्या मालाची. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2022 साली शाळांतून निवडून आणलेल्या मुलांचा गट देशात पहिल्या क्रमांकाचा गणला गेला, आणि त्याच हंगामात संघ 5 सामने जिंकून 7 हरला. प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना पुढच्या वर्षी मुदतीपूर्वीच दूर करण्यात आले, तेव्हा करारनाम्याप्रमाणे त्यांना 7.5 कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर आले. घाईही तितकीच घातक. सेबन यांच्या पहिल्या वर्षी, 2007 साली, अलाबामाने मैदानावर 7 सामने जिंकले, 6 गमावले, आणि लुइझियाना-मन्रो या लहान विद्यापीठाकडून स्वतःच्या मैदानावर 14-21 अशी हार पत्करली. तेवढ्यावर बडतर्फीचा हुकूम निघाला असता, तर 2009 पासून 2020 पर्यंतची सहा राष्ट्रीय विजेतेपदे अलाबामाला बहुधा दिसली नसती.

हा संघ महाविद्यालयाचा आहे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चर्चेत तिला सर्वांत शेवटची जागा मिळते. मुले वर्गांत टिकली का, उत्तीर्ण झाली का, याचेही 1000 पैकी गुण प्रत्येक संघाला दिले जातात, आणि ते 930 च्या खाली गेल्यास स्पर्धेला मुकावे लागू शकते. तरी सोमवारच्या चर्चेत ही संख्या मी कधी ऐकलेली नाही. अलीकडे खेळाडूंना उघडपणे पैसा मिळू लागला आणि विद्यापीठ बदलणे सोपे झाले, त्यामुळे मुलाला घडवण्यापेक्षा घडलेला मुलगा आणण्याकडे कल वाढला आहे. मला याची काळजी वाटते, कारण शिकवण्याचे मोजमाप करायला काही काळ तरी मूल शिक्षकाजवळ राहावे लागते.

हर्ट्स राहिला. जागा गेल्यावरही 2018 चा हंगाम त्याने अलाबामातच, तुआच्या मागे उभे राहून काढला. 1 डिसेंबर रोजी त्याच अटलांटात, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआचा घोटा दुखावला, तेव्हा संघ 21-28 असा मागे होता. हर्ट्सने एका फेकीने बरोबरी साधली, आणि एक मिनिटाहून किंचित अधिक वेळ उरला असताना स्वतः 15 यार्ड धावत जाऊन 35-28 असा विजय मिळवून दिला. त्याच महिन्याच्या मध्यावर, तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करून, त्याने अलाबामा विद्यापीठाची पदवी घेतली.