दुष्काळातली उपासना : खुटबावच्या पुढचं स्टेशन

आजचा प्रश्न संकटात सापडलेल्या बहुतेकांना पडतो. प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत, मन लागत नाही. अशा वेळी विश्वास टिकवायचा कसा?

उत्तराला फार लांब जायला नको. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसा. यवत गेलं, खुटबाव गेलं, की पुढचं स्टेशन केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इथं टीका झाली, आणि तिकडच्या ख्रिस्ती मंडळींशीही त्यांचे मतभेद झाले. म्हणजे वाट कुठल्याच बाजूनं सोपी नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, शहरात एवढ्या जणींना ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावर तात्पुरते निवारे उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर तर ही संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

आता बघा, इथं आधी शेत आलं, चर्चची इमारत नंतर. दिवस कामाचा असे : शेती, दुभती जनावरं, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, शाळा. प्रार्थना याच दिनक्रमात बसवलेली होती. मन शांत झाल्यावर बघू, असं म्हणून ती पुढं ढकललेली नव्हती. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी जागृती झाली. त्याआधी कित्येक महिने बायका रोज एकत्र जमत होत्या. जागृतीचं नाव झालं, पण पाया त्या रोजच्या जमण्याचा होता.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या काळच्या मराठी बायबलची भाषा साध्या बाईला जड जाई. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवं भाषांतर केलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तेव्हाही भाषांतराचं काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्यासाठी यात काय आहे? शब्द सुचत नसतील तर मोठे शब्द शोधूच नका. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं नुसती तक्रारीची आहेत. रडणं, विचारणं हीसुद्धा प्रार्थनाच. आणि एकट्यानं होत नसेल तर कुणाला तरी सोबत घ्या. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आठवतो ना? चर्चला कुलूप होतं, तरी कितीतरी घरांत चटईवर बसून, फोन मध्ये ठेवून उपासना झाली.

तेव्हा आज भाकरी थापताना, गाडीची वाट बघताना, आपल्या बोलीत एकच वाक्य देवाशी बोला. उद्या पुन्हा एक. मन नंतर येईल, तोवर सवय तग धरेल.

पुढच्या भागात भेटू. शांती असो.