फ्लॉरेन्स : चर्च बघा, भानगडी ऐका

फ्लॉरेन्समध्ये गाइडमागे फिरणारा घोळका लांबूनच ओळखू येतो. सगळ्यांच्या माना वर आणि कानात एकेक यंत्र. पुढे छत्री उंचावून चालणारा गाइड पुटपुटल्यासारखा बोलतो आणि ते थेट तुमच्या कानात येतं. तो काय बोलतो यावर सगळा खेळ आहे. ‘हे अमुक शतकातलं, ते तमुक शैलीतलं’ अशी टेप लागली, की समजा पैसे पाण्यात. चांगला गाइड भांडणं सांगतो. या शहरातल्या प्रबोधनकाळातल्या कलेमागे सावकार आहेत, लोकरीचे व्यापारी आहेत, सोनार आहेत आणि एकमेकांवर जळणारे कलावंत आहेत. त्यांची उणीदुणी कळली, की भिंतीवरचे संतमहंत एकदम ओळखीचे वाटायला लागतात.

दारावरून पेटलेलं वैर

सुरुवात कॅथेड्रलसमोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहापासून. त्याच्या ब्राँझच्या दारासाठी १४०१ मध्ये स्पर्धा लागली. शेवटी उरले दोघे, लोरेन्झो गिबर्ती आणि फिलिपो ब्रुनेलेस्की, दोघंही विशीतले. काम गिबर्तीला मिळालं. दोघांचे नमुने आजही बार्जेलो संग्रहालयात शेजारी शेजारी टांगलेत, त्यामुळे परीक्षक तुम्हीही होऊ शकता. गिबर्तीने कमी ब्राँझ वापरलं होतं, हा मुद्दा पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटला असेल असं वाटत नाही.

ते दार करायला गिबर्तीला २१ वर्षं लागली. त्यावर खूश होऊन गावाने आणखी एक दार सांगितलं, त्याला २७ लागली. दोन दारांत माणसाची हयात गेली! दुसरं दार म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं ‘स्वर्गद्वार’. हे नाव मायकलअँजेलोने दिलं असं सांगतात. दाराच्या चौकटीत एक टकलू, मिश्कील चेहरा डोकावतो, तो खुद्द गिबर्ती. जाता जाता एक गोष्ट कानात सांगायची तर बाहेर ज्या दारासमोर सेल्फीची झुंबड असते ती नक्कल आहे. अस्सल दार मागच्या संग्रहालयात काचेआड आहे आणि तिथे गर्दी बरीच कमी असते.

घुमट आणि ‘आजारपण’

हरलेला ब्रुनेलेस्की रोमला गेला, तिथले जुने अवशेष मोजत बसला आणि परत येऊन त्याने असं काही केलं, की दार-बिर लोक विसरले. कॅथेड्रल बांधून होत आलं होतं, पण वर सुमारे ४५ मीटर रुंदीचं भगदाड होतं. एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार उभारायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्की म्हणाला, आधाराशिवाय बांधतो. कसं, ते मात्र सांगेना. चरित्रकार वसारी सांगतो, की त्याने सगळ्यांपुढे अंडं ठेवलं आणि म्हणाला, हे उभं करून दाखवेल त्याला काम द्या. कुणाला जमेना, तेव्हा त्याने बूड टेबलावर आपटून अंडं उभं केलं. ‘हे तर आम्हालाही आलं असतं!’ ‘हो ना, आणि नकाशा दाखवला तर घुमटही आला असता.’ (हीच गोष्ट पुढे कोलंबसाच्या नावावर खपली.)

काम मिळालं, पण जोडीला साहेब कोण नेमला? गिबर्ती! मग काय, ऐन मोक्याच्या वेळी ब्रुनेलेस्कीने पोटात दुखतंय म्हणून अंथरूण धरलं. कारागीर गिबर्तीकडे गेले. गिबर्ती म्हणाला, फिलिपोशिवाय मी काही करणार नाही. अंथरुणातून उत्तर आलं, मी मात्र त्याच्याशिवाय करीन. काम अडलं, गावाला कळायचं ते कळलं.

१४२० ते १४३६ अशा सोळा वर्षांत चाळीस लाखांहून जास्त विटांचा घुमट उभा राहिला. जेवायला खाली उतरण्यात मजुरांचा वेळ जातो म्हणून वरच खाणावळ काढली होती, असंही वसारी सांगतो. घुमटाला दोन कवचं आहेत, एकात एक. चढायचा जिना त्यांच्यामधून जातो. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. वर जाताना भिंत हाताशी येते तिथे दम खायला थांबाच: आडव्या थरांमध्ये मध्येच एकेक उभी वीट घुसवलेली दिसेल, ती ओळ तिरकी तिरकी वर चढत जाते. कच्चा चुना वाळेपर्यंत कलत्या थरांतल्या विटा खाली घसरू नयेत म्हणून केलेली ही अडसराची युक्ती. आधार नव्हता तो इथे लपलाय.

कळसावरचा तांब्याचा गोळा वेरोक्योच्या कारखान्यातला, १४७१ मध्ये चढवलेला. तेव्हा त्या कारखान्यात एक हुशार पोरगा उमेदवारी करत होता, लिओनार्दो दा विंची. १६०० साली गोळ्यावर वीज पडली आणि तो गडगडत खाली आला. पडला तिथे, कॅथेड्रलच्या मागच्या फरसबंदीत, पांढऱ्या संगमरवराची गोल चकती आहे. लोक तिच्यावरून आइस्क्रीम चाटत जातात.

प्रार्थनेच्या वेळी खून

याच कॅथेड्रलमध्ये २६ एप्रिल १४७८ रोजी, ऐन मिस्सा चालू असताना लोरेन्झो आणि जुलियानो या मेडिची सावकार भावांवर सुरे चालले. कट पाझी या दुसऱ्या सावकार घराण्याचा. गंमत बघा: लोरेन्झोला मारायचं काम ज्या धंदेवाईक शिपाईगड्याकडे होतं तो म्हणाला, चर्चमध्ये खून? छे, पाप लागेल. मग त्याच्या जागी कोण घेतले, तर दोन धर्मगुरू! त्यांचा हात कच्चा निघाला. लोरेन्झो मानेवरच्या जखमेनिशी शेजारच्या खोलीत शिरला आणि ब्राँझची दारं आतून लावली गेली. धाकटा जुलियानो मात्र जागीच संपला. कटवाल्यांना सरकारी वाड्याच्या खिडक्यांतून फाशी दिलं आणि लटकणाऱ्यांची चित्रं भिंतीवर काढायचं काम मिळालं बोतिचेल्लीला. होय, शिंपल्यातली व्हीनस काढणारा तोच!

बाहेर पडताना मुख्य दाराच्या आतल्या बाजूला वर बघा. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं घड्याळ आहे. काटा एकच, आकडे चोवीस आणि फिरतं उलटं. चोवीस वाजले म्हणजे मध्यरात्र झाली असं नव्हे, सूर्य मावळला.

काखेत कळसा

सांता मारिया नोव्हेला हे माझ्या मते या शहरातलं सगळ्यात जास्त पैसे वसूल करून देणारं चर्च. डावीकडच्या भिंतीवर मसाचोचं ‘त्रिमूर्ती’ आहे, साधारण १४२७ चं. सपाट भिंतीत कमानीचं दालन खोदल्याचा भास होतो. समोरून चालत जा आणि छताच्या चौकटी बघत राहा, भिंत आत आत सरकते. तळाशी दगडी पेटीवर सांगाडा रंगवलाय आणि त्याच्यावर लिहिलंय, मीही तुमच्यासारखाच होतो, तुम्हीही माझ्यासारखेच होणार, अशा अर्थाचं काहीतरी. काढणारा मसाचो पुढच्याच वर्षी गेला, जेमतेम २६ वर्षांचा.

या चित्राची वसारीने आपल्या ग्रंथात तोंड भरून स्तुती केली. आणि १५७० च्या सुमारास चर्चच्या नूतनीकरणाचं काम त्याच्याकडे आल्यावर त्याने काय केलं? चित्रासमोर नवी वेदी बांधून ते झाकून टाकलं. जवळजवळ तीनशे वर्षं लोक येऊन जाऊन होते आणि चित्र वेदीमागे गुडूप. एकोणिसाव्या शतकात सापडलं ते वरचं अर्धंच. सांगाडा निघायला १९५२ उजाडलं.

मोडलेलं नाक, पुसलेली पानं

नदीपलीकडे कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाची चॅपेल. इथली मसाचोची भित्तिचित्रं बघून बघून पोरं हात बसवायची. त्यात किशोरवयीन मायकलअँजेलो होता आणि त्याला इतरांच्या कामाला नावं ठेवायची खोड होती. तोरिज्यानो नावाच्या सोबत्याने एक दिवस असा ठोसा लगावला, की नाक जन्माचं चपटं झालं. तोरिज्यानोला गाव सोडावं लागलं; लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतली सातव्या हेन्रीची कबर त्याच्याच हातची.

स्वर्गातून हाकललेले, ओक्साबोक्शी रडणारे आदम आणि इव्ह इथेच आहेत. सतराव्या शतकात कुणाला तरी लाज वाटली आणि दोघांच्या कमरेला पानं रंगवली गेली. १९८० च्या दशकातल्या सफाईत ती पुसून टाकली.

मेल्यावरही सुटका नाही

सांता क्रोचे म्हणजे थोरांचं कबरस्तान. मायकलअँजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली सगळे एका छपराखाली. मायकलअँजेलो वारला रोममध्ये, १५६४ साली. रोम देह सोडेना, म्हणून पुतण्याने तो मालाच्या गठ्ठ्यात बांधून फ्लॉरेन्सला आणला. गॅलिलिओवर चर्चचा राग, त्यामुळे त्याला मानाची कबर मिळाली १७३७ मध्ये, मरणानंतर ९५ वर्षांनी. हलवताना भक्तांनी त्याची बोटं लांबवली. त्यातलं मधलं बोट विज्ञान संग्रहालयात काचेच्या अंड्यात उभं आहे. ते कुणाला उद्देशून, हे गाइड हमखास विचारतात.

दान्तेची भव्य कबरही आहे, पण रिकामी. १३०२ मध्ये गावाने त्याला हाकललं, वर जिवंत जाळायची शिक्षा ठोठावली. तो मेला रावेन्नात. पुढे फ्लॉरेन्सला उपरती झाली, अस्थी मागितल्या, पोपनेही मान्यता दिली. तर रावेन्नाच्या साधूंनी अस्थीच लपवून ठेवल्या. त्या सापडल्या १८६५ मध्ये. शिक्षा रद्द करण्याचा ठराव नगरपालिकेने केला तो २००८ साली. सरकारी काम!

सान लोरेन्झोच्या मेडिची चॅपेलखाली कोळसा ठेवायची एक चिंचोळी खोली होती. १९७५ मध्ये तिथला गिलावा खरवडला तर भिंतभर कोळशाची रेखाटनं! मेडिची मालकांशी पंगा घेतलेला मायकलअँजेलो १५३० मध्ये इथे लपला असावा आणि हात शिवशिवले असावेत, असा कयास. २०२३ पासून खोली खुली आहे, पण एका वेळी चौघांनाच प्रवेश.

कामाच्या दोन गोष्टी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत. आणि खिशात सुटी नाणी ठेवा: कित्येक चॅपेलांत अंधार असतो, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, चित्र उजळतं आणि एक-दोन मिनिटांत खट्ट करून विझतं. अनुभवी लोक शेजाऱ्याने नाणं टाकायची वाट बघतात.

आणि कोल्हापूरचे महाराज

नेहमीच्या सहलीत हे येत नाही, तेव्हा आपलं आपणच जायचं. शहराच्या पश्चिम टोकाला कॅशिने नावाचा लांबलचक बाग आहे. तो संपतो तिथे आर्नो आणि मुन्योने नद्यांचा संगम आणि तिथे छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं विशीचं. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला. इटलीत तेव्हा दहनाची रीतच नव्हती. तरी परवानगी मिळाली आणि संगमावर चिता रचली गेली. बघायला फ्लॉरेन्सकर लोटले होते.

स्मारक १८७४ चं आणि त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. १९७० च्या दशकात शेजारी आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं अधिकृत नाव ‘पोंते आलिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. त्यातला ‘हिंदी माणूस’ कोल्हापूरचा, हे गाइडला तुम्हीच सांगा.