मिरजेहून आलेला तंबोरा

दुकानात मांडलेला तंबोरा विकत आणणे आणि आपल्या आवाजाच्या मापाने तो करवून घेणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. पहिल्या प्रकारात वाद्य आधी तयार असते, घेणारा नंतर येतो. दुसऱ्या प्रकारात कारागिराने आपला आवाज आधी ऐकलेला असतो. त्यामुळे असा तंबोरा घरी आला, की पहिल्याच दिवशी तो मनासारखा बोलेल अशी आपली समजूत होते. पन्नाशी उलटल्यावर गाणे पुन्हा हाती घेताना मी मिरजेत तंबोरा करवून घेतला, तेव्हा माझीही तशीच समजूत होती.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, तेथील शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे घडवण्यास आरंभ केला. शिकलगारांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा. पुढे त्याच हातांत वाद्ये आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तेथे कारागिराने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, “ताई, पट्टी कोणती?” मी ‘काळी चार’ म्हणाले. हार्मोनियमवरील चौथ्या काळ्या पट्टीचा स्वर हा माझा षड्ज. या एका उत्तरावर वाद्याचे सारे माप ठरते. तार जितकी आखूड, तितका स्वर चढा. म्हणून स्त्रियांचा तंबोरा आकाराने लहान आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांचा मोठा असतो. दांडी तूण वृक्षाच्या लाकडाची. खालचा भोपळा मात्र भाजीचा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो. पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठी तो पिकवतात आणि पूर्ण वाळल्यावरच वापरतात. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाची पातळ फळी बसवतात, तिला तबली म्हणतात. तबलीवर घोडी आणि घोडीवरून गेलेल्या चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची पितळेची जाड तार खर्जाची.

या घोडीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तंबोऱ्याचा प्राण तेथे आहे. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करीत. वन्यजीवांना कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर उंटाचे हाड आणि कठीण लाकूड वापरात आले. गिटारची किंवा व्हायोलिनची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र रुंद असून त्याला अगदी सौम्य उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि त्यातून गुंजारव उमटतो. हा उतार कानसीने घासून साधण्याच्या कामाला ‘जवारी काढणे’ म्हणतात. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो योग्य जागी आला की मिटलेला आवाज एकदम खुलतो.

तार छेडली की ती संपूर्ण लांबीने कंप पावतेच, शिवाय तिच्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांचेही सूक्ष्म स्वर उमटतात. सामान्य तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्यांचा स्थिर बिंदू मध्यावर येतो ते स्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या घडणीला दिले. खर्जाच्या तारेच्या पाचव्या भागाचा स्वर म्हणजे गांधार. चार तारांपैकी एकही गांधारात लावलेली नसताना तो ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

माझा तंबोरा मे महिन्यात दिल्लीला आला. पेटी उघडली, तारा चढवल्या, आणि आठ दिवस गेले तरी गांधार नाही! पंचमाची तार तर घसा बसल्यासारखी. खुंट्या रात्रीतून सैल पडत. त्यांना खडू लावून पाहिला, तोही दोन दिवस पुरला. मला वाटले, घडणीतच दोष राहिला. धीर धरण्याऐवजी मी जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्याला गाठले. त्याने पाच मिनिटांत घोडी घासून दिली. घरी आल्यावर पंचम थोडा खुलला खरा, परंतु जोडाच्या तारा पत्र्यासारख्या वाजू लागल्या.

मिरजेला दूरध्वनी केला. सारे ऐकून कारागीर शांतपणे म्हणाले, “ताई, हाड काढता येतं, भरता येत नाही. पंधरा दिवस तरी तिथली हवा लागू द्यायची होती.”

मग त्यांनी उलगडा केला. दिल्लीच्या उन्हाळ्यातील कोरड्या हवेत लाकूड आकसते. खुंट्या त्यामुळेच सैल पडतात. तबलीही किंचित हलते, आणि केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी तारेचा घोडीशी होणारा स्पर्श बदलतो. नव्या तारा ताणल्या जाऊन स्थिर होईपर्यंत उतरत राहतात, हे वेगळेच. अशा वेळी दोरा सुतभर मागेपुढे सरकवावा, तारेतला मणी हलवून स्वर मिळवावा, रोज अर्धा तास छेडावे आणि वाट पाहावी. मी बदलत्या हवेचा उपाय म्हणून घोडीच बदलून टाकली होती.

तंबोरा त्याच पेटीतून मिरजेला परत गेला. संपूर्ण माथा पुन्हा घासून नवी जवारी काढावी लागली. घोडी तेवढी बुटकी झाली, म्हणजे तिच्या आयुष्यातील काही वर्षे मी खर्चून टाकली. श्रावणात तो परत आला, तेव्हा दमट हवेने खुंट्या इतक्या आवळल्या होत्या की फिरवताना तळहात लाल होई. या खेपेस मी कोणाकडे गेले नाही. दोऱ्याची जागा बदलली की तारीख घालून वहीत टिपत गेले. दिवाळीच्या आधी एका पहाटे, खर्ज छेडून हात थांबवला असताना, गांधार स्पष्ट ऐकू आला. दुपारी ऊन चढल्यावर तो पुन्हा पुसट झाला.

तारांच्या घर्षणाने काही वर्षांत घोडीवर चरे पडतील आणि जवारी पुन्हा काढावी लागेल. त्या प्रवासासाठी लाकडी पेटी मी माळ्यावर जपून ठेवली आहे.