विश्लेषण : रणगाड्यांच्या पुढे चालणारा अधिकारी… परमवीर राणेंनी राजौरीची वाट कशी मोकळी केली?

वाशीचा खाडीपूल ओलांडायला मोटारीने दोन-तीन मिनिटे पुरतात. त्या पुलाच्या साधारण निम्म्या लांबीएवढा, म्हणजे हजार यार्डांचा रस्ता मोकळा करायला १० एप्रिल १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या अधिकाऱ्याला चार तास लागले. रस्त्यावर जागोजागी अडथळे होते, कडा सुरुंगाने उडवलेल्या होत्या आणि समोरून मशीनगनचा मारा सुरू होता. हा अधिकारी म्हणजे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. या कामगिरीसाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. विशेष म्हणजे शत्रूच्या ठाण्यावर चाल करून जाण्यासाठी नव्हे, तर रस्ता मोकळा करण्यासाठी.

राजौरीला पोहोचणे इतके तातडीचे का होते?

नोव्हेंबर १९४७ मध्ये जम्मू भागातील राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात गेले. तेथे मोठा नरसंहार झाला. फेब्रुवारी १९४८ मध्ये भारतीय लष्कराने नौशेरा राखले आणि मार्चमध्ये झांगर परत घेतले. त्यानंतरचे लक्ष्य राजौरी होते. शहरात आणि परिसरात अडकलेल्या लोकांचे जीव लवकर पोहोचण्यावर अवलंबून होते.

मात्र नौशेरा-राजौरी रस्ता डोंगराला वळसे घालत जाणारा, अरुंद. हल्लेखोरांनी त्यावर भूसुरुंग पेरले होते, चीडाची मोठाली झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडवल्या होत्या. अशा रस्त्यावर पहिलाच रणगाडा अडला, की मागची सगळी तुकडी अडते.

राणे कोण होते?

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. हा भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता, आज कर्नाटकात आहे. वडील पोलीस दलात होते. १९४० मध्ये राणे साधे जवान म्हणून बॉम्बे इंजिनीअर्समध्ये दाखल झाले. खडकी येथे केंद्र असलेले हे दल ‘बॉम्बे सॅपर्स’ म्हणून ओळखले जाते. जुन्या मराठीत अशा दलाला ‘सफरमैना’ म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले. तेथील कामगिरीवर हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी. राजौरीच्या मोहिमेवेळी त्यांना अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झाले होते. पाठीशी अनुभव मात्र जवळपास आठ वर्षांचा होता.

त्या चार दिवसांत काय घडले?

८ एप्रिल : सकाळी ११ च्या सुमारास काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. राणेंच्या पथकातील दोघे ठार, तर पाच जण जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेल्यांना एकत्र केले आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी ताब्यात आली. परिसरात शत्रू अजून आहे हे ठाऊक असूनही त्यांनी पथक पुढे नेले आणि रात्री १० पर्यंत रणगाड्यांसाठी पर्यायी वाट बनवत राहिले.

९ एप्रिल : सकाळी ६ ते दुपारी ३ राबून वाट तयार केली. तुकडी निघाली तेव्हा राणे सर्वात पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडे. ती स्फोटाने उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा तेच. पुढे तुटलेली मोरी. तिला वळसा काढला. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आडवी आली. भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा पहारा. राणे सुरुंग काढायला लागलेही. परंतु अंधार पडत होता. तुकडीच्या कमांडरने परिस्थिती ओळखून रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी थांबवले.

१० एप्रिल : पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरुवात. साडेसहाला तो अडथळा दूर झाला, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्डही मोकळे झाले. रणगाडे नदीपात्रात उतरून पुढे सरकले आणि दुपारी २ पर्यंत चिंगसला पोहोचले.

११ एप्रिल : सकाळी ६ ला काम सुरू. ११ वाजेपर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता साफ करत होते. दुसऱ्याच दिवशी, १२ एप्रिलला, भारतीय सैन्य राजौरीत पोहोचले.

सुरुंग काढणाऱ्याचे शौर्य वेगळे का?

रस्त्यावर अडथळा उभारणारा शत्रू बहुतेक वेळा त्यावर नेम धरून बसलेला असतो. रणगाड्यातल्या सैनिकाभोवती पोलाद असते, पायदळाच्या जवानाच्या हातात बंदूक असते. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले, नजर जमिनीवर. घाई केली तर सुरुंग फुटतो आणि रेंगाळले तर गोळी लागते. अशा वेळी माणसे नुसत्या हुकमावर पुढे जात नाहीत. अधिकारी आपल्या आधी तिथे उभा आहे, हे त्यांना दिसावे लागते.

राणेंच्या नेतृत्वाची दुसरी कसोटी १० एप्रिलच्या दुपारी लागली. रणगाडे नदीपात्रातून पुढे गेले होते. पण दारूगोळा, अन्न आणि इंधन घेऊन येणाऱ्या मालमोटारींना रस्ताच हवा होता. रसद आली नाही, तर पुढे गेलेले रणगाडे लढणार कशावर? हे ओळखून राणे मागेच राहिले. विश्रांती न घेता, अन्नही न घेता रात्री ९ पर्यंत ते रस्ता साफ करत होते.

सन्मान आणि स्मृती

परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. १९४७-४८ च्या युद्धासाठी हा सन्मान पाच जणांना मिळाला. त्यांपैकी तो जिवंतपणी स्वीकारणारे दोघेच : करम सिंग आणि राणे. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना तो मरणोत्तर देण्यात आला आहे.

राणे मेजर पदापर्यंत पोहोचले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत राणेंचेही नाव आहे. राजौरीत दरवर्षी १३ एप्रिलला ‘राजौरी दिन’ पाळला जातो. आणि पनवेलहून कोकण रेल्वेने कारवारला जाणाऱ्यांना तेथील समुद्रकिनाऱ्यालगत या भूमिपुत्राचा पुतळा पाहता येतो.